सलाईनमधला लोहाचा कण

परळीहून बीडकडे निघालं की वाटेत सिरसाळा लागतं. या भागातल्या कुठल्याही दवाखान्यात दिवस भरत आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन सात-आठवर असलं आणि गोळ्या तिला सोसत नसल्या, की शिरेतून लोह देतात. बाटलीतलं पाणी तपकिरी होतं. सोबत आलेली सासू विचारते, "रक्त चढवायलेत का?" सिस्टर सांगते, "रक्त नाही मावशी, रक्तवाढीचं सलाईन आहे. आयर्न सुक्रोज."

असं बोलणं जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे होत असतं आणि त्यात 'नॅनो' हा शब्द कुणी काढत नाही. तो शब्द आपल्याकडे आला आधी टाटांच्या गाडीमुळे आणि मग इफ्कोच्या युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीमुळे. पण सलाईनचा तो तपकिरी रंग लोहाच्या नॅनोकणांचाच असतो. मधे लोहाच्या संयुगाचा गाभा, भोवती साखरेचं वेष्टन, आणि सगळं मिळून जाडी काही नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपली तांबडी रक्तपेशीच सात-आठ हजार नॅनोमीटरची असते. तेव्हा नॅनोकणांतून औषध देणं कितपत सुरक्षित, हा प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलण्याचं कारण नाही. त्याचं उत्तर इथल्या बायकांच्या शिरांतून कधीचं वाहतं आहे.

लोहाला वेष्टन का लागतं? कारण मोकळं लोह रक्तात विषासारखं वागतं. रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन आहे, पण त्याची क्षमता थोडी. त्यापलीकडचं लोह सुटं फिरू लागलं तर पेशी जाळणारे रासायनिक घटक तयार होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोहाचे साधे क्षार शिरेत टोचून पाहिले गेले, तेव्हा अगदी कमी मात्रेतही रुग्णांचे हाल झाले. साखरेत गुंडाळलेला कण आला आणि मामला बदलला. हा कण रक्तात फार काळ राहत नाही. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, वेष्टन फोडतात आणि लोह हळूहळू, शरीराला पेलेल त्या वेगानं सोडतात. या भक्षक पेशींचं कामच मुळी रक्तातला परका बारीक माल उचलण्याचं. नॅनोकण शिरेत गेला की त्याच्यावर काही क्षणांत रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो, त्या थरावरून तो परका म्हणून ओळखला जातो, आणि बहुतेक कणांचा प्रवास यकृतात संपतो. औषध कंपन्या कितीही नेम धरोत, मोठा वाटा यकृत नेतं. कर्करोगाच्या गाठीवर नेमलेल्या नॅनोकणांच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली एकत्र हिशेब मांडला. गाठीपर्यंत पोचलेल्या मात्रेचा मध्यांक निघाला ०.७ टक्के. 'नेमकं रोगावर वार करणारं औषध' अशी जाहिरात वाचताना हा आकडा जवळ असू द्यावा.

लोहाच्या बाबतीत यकृतात जाणं हाच फायदा आहे, कारण तिथे गेल्यावर कण पचतो. याच वाटेनं गेलेला, पण न पचणारा कण काय करतो, हेही वैद्यकाला एकदा फार महागात पडून कळलं आहे. १९३० च्या आसपास क्ष-किरण तपासणीत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य टोचत. त्यात थोरियम डायऑक्साइडचे नॅनो आकाराचे कण होते. तपासणीला ते उत्तम होतं, रुग्णाला त्या वेळी त्रासही जवळपास होत नसे, त्यामुळे जगभर ते वापरलं गेलं. पण थोरियम किरणोत्सारी, आणि भक्षक पेशींनी गिळलेला तो कण कुठल्याच विकराला फुटेना. तो यकृतात आणि प्लीहेत जन्मभर बसून राहिला. वीस-तीस वर्षांनी त्या लोकांत यकृताचे दुर्मिळ कर्करोग दिसू लागले. तेव्हा कुणी 'नॅनो' म्हणत नव्हतं, पण नॅनो-औषधांच्या सुरक्षिततेचा सगळ्यात कठोर धडा हाच. टोचल्यानंतर आठवडाभर रुग्ण ठणठणीत असणं हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. जुनाट आजारात तर अजिबातच नाही, कारण तिथे डोस एकदा देऊन भागत नाही.

पण आधी तातडीचा धोका. लोहाच्या नॅनोकणांचा खरा डाग तोच आहे. जुन्या आयर्न डेक्स्ट्रानमुळे काहींना इतकी तीव्र ॲलर्जी होई की रक्तदाब कोसळे. वेष्टनं बदलली, धोका खूप खाली आला, संपला मात्र नाही. फेरुमॉक्सिटॉल हे असंच नॅनोकणांचं लोह अमेरिकेत २००९ साली मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मंजूर झालं. मृत्यूच्या घटनांनंतर २०१५ साली तिथल्या औषध प्रशासनानं त्यावर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. युरोपच्या औषध संस्थेनं २०१३ मध्ये शिरेतून द्यायच्या सगळ्याच लोहांना एक नियम लावला: ॲलर्जी सावरायची साधनं आणि माणसं हाताशी असतील तिथेच द्या, आणि दिल्यावर रुग्णाला निदान अर्धा तास नजरेखाली ठेवा. आधी थोडंसं टोचून पाहण्याच्या पद्धतीवरही विसंबू नका, असं तिनं सांगितलं, कारण ती चाचणी सुखरूप पार पडलेल्यांनाही पुढे त्रास झाला होता.

तो अर्धा तास आपल्याकडे फार सहज कापला जातो. सुई निघाली की बाई पदर सावरून उठते. बाहेर जीप भरत आलेली असते, घरी लेकरू रडत असतं. दवाखान्यालाही खाट मोकळी हवी असते. माझ्या मते नॅनो-औषधाच्या सुरक्षिततेचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे हा अर्धा तास. त्याला ना यंत्र लागतं, ना पैसा.

बीड जिल्ह्याला आणखी एक अडचण आहे, ती पुस्तकात सापडत नाही. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमच देतात, म्हणून पुन्हा पुन्हा खेपा होतात. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या खेपा अर्ध्यावरच तुटतात. तिच्यासाठी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे नवं लोह सोयीचं, कारण त्याचं वेष्टन जास्त पक्कं असल्यानं १००० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा एकाच बैठकीत, पंधरा मिनिटांत देता येते. मग ते सरसकट का देऊ नये? कारण या कणाची स्वतःची खोड आहे. काही रुग्णांत ते मूत्रपिंडावाटे फॉस्फेट वाहून जायला लावतं. एखाद्या डोसला ही घट बहुधा आपोआप भरून येते, पण पुन्हा पुन्हा घेणाऱ्यांत हाडं मऊ पडल्याच्या नोंदी आहेत. लोह तेच, फक्त कवच बदललं आणि तोटा रक्तातून हाडांकडे गेला. नॅनो-औषधांत हे वारंवार दिसतं. वाहन बदललं की इजा नाहीशी होत नाही, बरेचदा ती जागा बदलते आणि, नशीब असलं तर, सौम्य होते.

कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिनचं असंच झालं. साधं औषध हृदयाच्या स्नायूला कायमची इजा करू शकतं. ते चरबीच्या सूक्ष्म फुगीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून दिलं तर हृदय बरंच वाचतं. हे 'डॉक्सिल' १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण रक्तात बराच काळ फिरत राहणाऱ्या या फुग्या तळहात-तळपायाच्या बारीक केशवाहिन्यांतून झिरपतात आणि तिथली कातडी लाल होऊन सोलवटते. २०१२ साली अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या प्रशासनानं मुंबईच्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' तात्पुरतं आयात करू दिलं आणि पुढच्याच वर्षी कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. तळपाय सोलवटणं त्रासाचं खरं, पण निकामी हृदयापेक्षा ते केव्हाही परवडतं. सुरक्षितता म्हणजे बहुतेक वेळा असाच सौदा असतो.

मराठवाड्यानं हा सौदा सगळ्यात जवळून पाहिला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड मिळालेल्या माणसांच्या नाकात, सायनसमध्ये, डोळ्यांमागे काळी बुरशी चढू लागली. जुलै २०२१ पर्यंत देशात या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, ४५ हजारांवर रुग्ण आणि चार हजारांवर मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्र आणि गुजरात त्यात सगळ्यात पुढे होते. सिरसाळ्याच्या बाजूचा गंभीर रुग्ण अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो. आणि त्या महिन्यांत नातेवाइकांच्या तोंडी एकच नाव होतं: ॲम्फोटेरिसिन. तेही साधं नको, 'लायपोसोमल' हवं.

का हवं? ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून भोकं पाडतं. आपल्या पेशींत अर्गोस्टेरॉल नसतं, पण त्याचं भावंड कोलेस्टेरॉल असतं. औषध तिथेही थोडं चिकटतं, आणि त्याचा मार मूत्रपिंडाला बसतो. पोटॅशियम, मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं, क्रिएटिनिन चढतं. ज्याचं मूत्रपिंड मधुमेहानं आधीच झिजवलेलं, त्याला हा मार पेलत नाही. लायपोसोमल प्रकारात हे औषध शंभर नॅनोमीटरहून लहान चरबीच्या फुगीत भरलेलं नसतं, तर तिच्या भिंतीतच घट्ट विणलेलं असतं. आपल्या पेशीजवळ ते सहसा सुटत नाही, बुरशीशी गाठ पडली की सुटतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६८७ रुग्णांवर दोन्ही प्रकार ताडून पाहिले. गुण जवळजवळ सारखाच, ५० आणि ४९ टक्के. मूत्रपिंडाची इजा मात्र साध्या औषधात ३४ टक्के आणि लायपोसोमलमध्ये १९. सलाईन चालू असताना थंडी वाजून येण्याचं प्रमाण ५४ विरुद्ध १८. वाहन बदलून औषध जास्त जोरदार झालं नाही, कमी घातक झालं. आणि १९ टक्के म्हणजे शून्य नव्हे, हे त्या गर्दीत कुणी सांगितलं नाही.

या औषधाची एक वाट मुंबईतूनही गेली आहे. केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर काम केलं, त्याच्या चाचण्या घेतल्या, आणि ते 'फंगिसोम' नावानं बाजारात आलं. ते टोचण्याआधी ध्वनिलहरींच्या यंत्रात हलवून कणांचा आकार ठीक करावा लागे. नॅनो-औषध कारखान्यातून निघालं म्हणजे तयार झालं असं नसतं. शेवटचा हात वॉर्डातल्या माणसाचा असतो. बहुतेक कंपन्यांचं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन मिठाच्या सलाईनमध्ये मिसळलं तर कण एकमेकांना चिकटून साका धरतो, म्हणून ते डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं. शुगरच्या पेशंटला साखरेचं पाणी का लावलंय, म्हणून नातेवाईक भांडायला उठले तर त्यात नवल नाही. पण पाचशे मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, ती इन्सुलिननं सांभाळता येते. चिकटून साका धरलेले कण सांभाळता येत नाहीत.

तुटवड्यात आणखी गुंता झाला. बाजारात ॲम्फोटेरिसिनचे लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स, लिपिड इमल्शन आणि साधा असे चार प्रकार फिरत होते. मे २०२१ मध्ये वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनं उत्पादन सुरू केलं आणि कुपी बाराशे रुपयांत देण्याचं जाहीर केलं, तेव्हा ती इमल्शन होती. मोठाच दिलासा होता तो. पण चारही नावांत 'ॲम्फोटेरिसिन बी' समान आणि मात्रा वेगळ्या. लायपोसोमल दिवसाला किलोमागे पाच मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. साधं मात्र किलोमागे एक ते दीडच मिलिग्रॅम. साधं औषध लायपोसोमलच्या मापानं दिलं तर हृदय बंद पडू शकतं. ब्रिटनमध्ये २००७ साली अशाच गफलतीत रुग्ण दगावले आणि तिथल्या सगळ्या रुग्णालयांना तातडीचा इशारा गेला. यात दोष नॅनोकणाचा नव्हता. लेबलवरचा एक शब्द वाचायचा राहिला होता.

बुरशीचा उपचार काही आठवड्यांत संपतो. डायलिसिसचा संपत नाही. आठवड्याला दोन-तीनदा यंत्रावर येणाऱ्या रुग्णाला लोह वर्षानुवर्षं लागतं, आणि इथे नॅनो-औषधाची सगळ्यात अवघड बाजू दिसते: त्याची नक्कल. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची गोळी कुठल्याही कंपनीची असो, रेणू तोच. नॅनोकणाचं तसं नाही. आकार, वेष्टनाची बांधणी, कण किती सहज फुटतो, हे कृतीवर ठरतं आणि कृती कंपनीगणिक बदलते. फ्रान्समधल्या एका डायलिसिस केंद्रात रुग्णांना मूळ आयर्न सुक्रोजऐवजी त्याची 'सारखी' आवृत्ती देऊ लागले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार त्यांचं हिमोग्लोबिन घसरलं, आणि ते राखायला लोहही जास्त द्यावं लागलं, रक्तवाढीचं दुसरं इंजेक्शनही. स्वस्त औषध टाळा असा याचा अर्थ मी काढत नाही. आपला रुग्ण स्वस्त औषधावरच जगतो. पण ब्रँड बदलला की दोन महिने हिमोग्लोबिन आणि फेरिटिन नीट पाहायला हवं, इतकं तरी यातून निघतं.

मधुमेहावर नॅनो-औषध कधी येणार, हे लोक नेहमी विचारतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांना झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तोंडावाटे दिले आणि साखर उतरल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. जस्त शरीराला ओळखीचं आहे, पोटातल्या आम्लात हा कण विरघळूही शकतो, म्हणून थोरोट्रास्टची भीती इथे लागू होत नाही. तरी उंदराची महिनाभराची साखर आणि माणसाची तीस वर्षांची साखर यांत मोठं अंतर आहे. रोज घ्यायच्या औषधातलं जस्त किती साचतं, तांब्याच्या शोषणात ते आडवं येतं का, हे वर्षं घालवूनच कळतं.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं ऑक्टोबर २०१९ मध्ये नॅनो-औषधं तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कणाचा आकार काय, पृष्ठभाग कसा, शरीरात तो कुठे जातो, किती काळ राहतो, हे सगळं त्यात विचारलेलं आहे. पण ती औषधांना लागू. 'नॅनो करक्युमिन'ची, म्हणजे हळदीतल्या घटकाची, पुडी अन्नपूरक म्हणून विकली जाते, आणि तिला औषधाची परीक्षा द्यावी लागत नाही. हळद तर घरचीच, तिची कसली भीती, असं वाटतं. पण स्वयंपाकातली हळद रक्तात फारशी उतरत नाही, आणि तिचं निरुपद्रवीपण बरंचसं त्यातच आहे. इटलीत आणि अमेरिकेत हळदीच्या गोळ्या-कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी झाल्या; त्यांतल्या बऱ्याच उत्पादनांत शोषण वाढवणारं काहीतरी घातलेलं होतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं अशी पुडी डॉक्टरांना न सांगता घ्यावी, असं मला मुळीच वाटत नाही.

आपल्याकडे अशा त्रासांची नोंद घ्यायची व्यवस्था २०१० पासून आहे: औषध सतर्कता कार्यक्रम, ज्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. लोहाच्या सलाईननंतर अंगावर गांधी उठल्या, छाती भरून आली, तर तेही कळवायचं असतं, बाई नंतर बरी होऊन घरी गेली असली तरी. मात्र 'आयर्नचं इंजेक्शन दिलं होतं' एवढ्यानं काम भागत नाही. कण कुणाचा, कुठल्या बॅचचा, हे कळल्याशिवाय अशा नोंदीचा उपयोग अर्धाच. तो क्रमांक कुपीवर असतो, आणि रिकामी कुपी सलाईन संपायच्या आधीच कचऱ्याच्या डब्यात गेलेली असते. म्हणून सलाईन लावतानाच कुपीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा; सिस्टर नाही म्हणणार नाहीत.